शहात्तर मिलिमीटर

न्हाणीतली बादली काठोकाठ भरायची ही माझी माहेरची सवय. अर्धी बादली पाहिली की दिवससुद्धा अर्धाच उगवल्यासारखा वाटतो. पण भरल्या बादलीत हात घातला की पाणी सांडतं, ओघळ उंबऱ्याबाहेर येतो, आणि माझे यजमान हेमेंद्र रोज सकाळी एकदा तरी घसरता घसरता वाचतात.

"दुर्गे, तू इंजिनिअर आहेस ना?" फरशी पुसता पुसता त्यांचा ठरलेला प्रश्न. "हात आत गेला तर तेवढं पाणी बाहेर येणार, हे तुला कॉलेजात शिकवलं नाही का?"

शिकवलं होतं. पुढे जे घडलं ते मला कळलं, ते त्या एवढ्याशा शिकवणीवरच.

मी गोंदियाला एका सरकारी कार्यालयात तलावांची पातळी मोजणारी यंत्रं बसवायचं काम करते. घरी माझे नेम आहेत. पाचला उठणं, आंघोळ, तुळशीला पाणी, आणि पाच चाळीसला देवापुढे बसणं. संकल्प, स्तोत्र, आरती धरून अकरा-बारा मिनिटं. सोमवारी अभिषेक असतो, त्या दिवशी पंचवीस. मी याचा गाजावाजा करत नाही. माझा आवाजही मुळात लहान आहे. ऑफिसात मी काही बोलले तर लोक आधी "काय?" म्हणतात आणि मग ऐकतात.

केशोरीच्या पुढे मोहटोला म्हणून चाळीस घरांची वस्ती आहे. वस्तीच्या डोक्यावर तलाव आहे आणि तलावाच्या मागे डोंगराचा उतार. जोराचा पाऊस झाला की तासाभरात पाणी पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, वाहायला लागतं, आणि खालची घरं मातीची. म्हणून ठरलं की तलावाची पातळी मिनिटा-मिनिटाला मोजायची, आणि दहा मिनिटांत पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढ झाली की वस्तीत भोंगा वाजवायचा. लोकांनी शाळेच्या टेकाडावर चढायचं. काम सहा महिन्यांचं होतं. पाच वर्षं झाली.

पातळी थेट तलावात मोजत नाहीत, लाटा असतात. पाळीत तीन फूट रुंदीची काँक्रीटची विहीर बांधली. तळाशी एका बारीक नळाने ती तलावाशी जोडलेली, त्यामुळे तलावात जेवढं पाणी तेवढंच विहिरीत, पण शांत. आत उतरायला भिंतीत लोखंडी पायऱ्या. वर लोखंडी झाकण आणि कुलूप. झाकणाच्या आतल्या बाजूला सेन्सर. हे सगळं सांगायला जितकं सोपं, तितकंच करायलाही सोपं असायला हवं होतं.

पहिल्या दिवशी विहिरीत पाणी चढलं तेव्हा मी नारळ फोडला. पायऱ्यांवरून दोन पावलं उतरले, त्याच विहिरीचं पाणी उजव्या तळहातावर घेतलं, आणि मनात संकल्प केला: हे काम तडीस जाईपर्यंत मी भात खाणार नाही. पाणी पुन्हा विहिरीतच सोडलं. सोबतीला भूपेंद्र होता. तिरोड्याचा, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, यंत्राचा प्रोग्रॅम लिहिणारा. तो हसला. "मॅडम, गोंदिया जिल्ह्यात राहून भात सोडला? मग उरलं काय खायला?"

मला वाटलं होतं, सहा महिने तर आहेत.

भोंगा पहिल्यांदा वाजला तो तिसऱ्याच दिवशी, पहाटे पाच एकेचाळीसला. आभाळ कोरडंठाक. तलावाचा चौकीदार केवलराम लेकरं-म्हातारी घेऊन टेकाडावर चढला, सगळी वस्ती चढली, आणि तासभर चिल्ल्यापिल्ल्यांसकट थंडीत बसून उतरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठव्या दिवशी कोणी चढलं नाही.

आलेख रोज सारखाच यायचा. पाच एकेचाळीसला विहिरीतलं पाणी एकदम वर. मग सात-आठ मिनिटांत हळूहळू पूर्ववत. पाच त्रेपन्नच्या सुमाराला तेवढंच एकदम खाली, आणि पुन्हा हळूहळू पूर्ववत. तलावातल्या जुन्या रंगवलेल्या पट्टीवर मात्र पाणी जागच्या जागी. म्हणजे जे होत होतं ते फक्त त्या तीन फुटांत होत होतं.

आम्ही सेन्सर बदलला. केबल बदलली. दुसऱ्या कंपनीचा सेन्सर आणला, त्यानेही तेच सांगितलं. विहीर उपसली. आत एक बेडूक आणि स्टीलचा एक पेला निघाला. नळाच्या तोंडाला जाळी लावली, की साप किंवा मासा शिरत असेल तर थांबेल. तिसऱ्या वर्षी सगळं खोलून पुन्हा पहिल्यापासून जोडलं. गोंदिया ते मोहटोला शंभर किलोमीटर, कोहमाऱ्याला चहा, अर्जुनीला डिझेल. या रस्त्याचा प्रत्येक खड्डा मला नावानिशी पाठ झाला.

मधे ऑफिसने नागपूरला प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता, लांबलेल्या कामात उत्साह कसा टिकवावा. कोट घातलेले एक गृहस्थ दोन दिवस सांगत होते की मोठ्या कामाचे लहान तुकडे करा, रोज एक तुकडा संपवा, आणि संपला की स्वतःला शाबासकी द्या. भूपेंद्रने वहीत लिहून घेतलं. मी वही उघडलीच नाही. उत्साह कधीच संपला होता, हे त्यांना कोण सांगणार? उत्साह संपल्यावर माणूस ज्यावर चालतो त्याला आमच्याकडे नेम म्हणतात. मनात असो-नसो, पाच चाळीसला बसायचं. ताटात पोळी वाढून घ्यायची. शेजारच्या ताटातल्या चिन्नोर तांदळाच्या भाताचा वास नाकात शिरू द्यायचा आणि जिभेला सांगायचं, अजून नाही.

लग्नाच्या पंगतीत बायका विचारायच्या, "यंत्र झालं का गं तुझं?" जणू मला दिवस गेलेत आणि पाच वर्षं बाळंतपण होत नाहीये.

भोंगा अधूनमधून दोन-चार दिवस गप्प बसायचा, पण खरी आशा या पाच वर्षांत एकदाच दिसली. दोन वर्षांपूर्वी माझे सासरे वारले, मी रजेवर होते. दहाव्याच्या दिवशी भूपेंद्रचा फोन. आवाजात दुःख आणायचा प्रयत्न करत होता, पण जमेना. म्हणाला, दहा दिवस झाले मॅडम, आलेख एकदम सरळ आहे, भोंगा गप्प आहे. तेरा दिवस तो सरळ राहिला. त्याने ऑफिसात पेढेसुद्धा वाटले. चौदाव्या दिवशी पाच एकेचाळीसला भोंगा वाजला.

केवलराम तोपर्यंत थट्टेवर उतरला होता. "बाई, तुमचा भोंगा म्हंजे आमच्या गावचा कोंबडा झाला. मी तं घड्याळाचे सेलच काढून टाकले." त्याची बायको अनुसयाबाई त्याला दटावायची आणि माझ्यासाठी वेगळ्या पोळ्या लाटायची. त्या घरात गव्हाचं पीठ फक्त माझ्यासाठी असायचं.

मग मी चूक केली. मागच्या जुलैत, वैतागून. भूपेंद्र म्हणाला की रोजची वेळ ठरलेली आहे, तर साडेपाच ते सहा हा अर्धा तास यंत्राला आंधळाच करून टाकू. मी हो म्हटलं. गाव शांत झोपायला लागलं. अकरा दिवसांनी डोंगरात ढग फुटले आणि खरं पाणी पाळीवरून आलं ते पावणेसहाला.

माणसं वाचली. दोन घरांच्या भिंती पडल्या. अनुसयाबाईच्या दोन शेळ्या गेल्या, आणि भिंतीखाली तिच्या खांद्याचं हाड मोडलं. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "रोज वाजे, बाई. खरं पानी आलं त्याच दिवशी काऊन नाही वाजला?"

माझा आवाज लहान आहे, पण त्या दिवशी तो नव्हताच.

या एप्रिलमध्ये आमचे वरिष्ठ खेमराज साहेबांनी पत्र दिलं. दहा जूनच्या आत सलग तीस दिवसांचे कच्चे आकडे, कसलीही काटछाट न केलेले, स्वच्छ दाखवा. नाहीतर यंत्र काढून न्या, हे काम बंद. बंद म्हणजे मोहटोल्याला येत्या पावसाळ्यात भोंगाच नाही.

भूपेंद्रने पाच वर्षांचे आकडे छापून ऑफिसच्या भिंतीवर डकवले. ज्या दिवशी उसळी आली तो दिवस काळा, नाही आली तो पांढरा. दुपारी मी जेवणाचा डबा धुऊन आले तर तो खुर्चीवर उलटा बसून भिंतीकडे पाहत होता.

"मॅडम, ये तो चांद का चक्कर है," तो म्हणाला. "दर महिन्याला चार दिवस सुट्टी मारून राहिला तो."

काळ्या भिंतीत दर सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांनी चार पांढरे चौकोन होते. पण पौर्णिमा-अमावास्येशी ते जुळेनात. कधी दोन दिवस पुढे, कधी तीन दिवस मागे. तो चिडून पंचांगाची पानं उलटत होता. "सोमवारी वेळ पण जास्त लागते त्याला. बाकी दिवशी बारा मिनिटं, सोमवारी पंचवीस. मंडे को ऐसा क्या है?"

मी डबा पिशवीत ठेवला. मग पुन्हा बाहेर काढला. मग पुन्हा ठेवला.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातलं कॅलेंडर उतरवलं. त्याच्या मागे मागच्या वर्षांची कॅलेंडरं आहेत, मी टाकत नाही. त्यांवर बारीक लाल ठिपके आहेत. ते चार दिवस मी देवापुढे बसत नाही. आमच्या घरात पाळतात, मीही पाळते. मोबाइलमध्ये भिंतीचा फोटो होता. एकेक महिना लावून पाहिला. ठिपका आणि पांढरा चौकोन, ठिपका आणि पांढरा चौकोन. एकही चुकला नाही.

आणि ते तेरा दिवस. ते सुतक होतं.

हे मी भूपेंद्रला कोणत्या तोंडाने सांगणार होते?

मी देवभोळी असेन, पण आकडे दिसले की ताडून पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता मी पाच चाळीसला बसले नाही. नऊला बसले. दहाला ऑफिसात पोचले तर भूपेंद्र दारातच उभा. आज पहाटे आलेख सरळ होता, म्हणाला. नऊ वाजून एक मिनिटाला उसळला. त्याच्या पुढच्या दिवशी मी सव्वासातला बसले. सात सोळा.

तिसऱ्या दिवशी मी भूपेंद्रला म्हटलं की आपण मोहटोल्याला मुक्काम करू. पहाटे तू विहिरीचं झाकण उघडं ठेव आणि आत पाहत राहा, मी केवलरामकडे असेन. पाच वर्षांत आम्ही झाकण उघडून त्या वेळेला आत पाहिलं नव्हतं का? पाहिलं होतं. अनेकदा. पण त्या प्रत्येक वेळी मी तिथेच उभी होते, विहिरीवर, आणि माझी पूजा मागाहून व्हायची. तेव्हा विहिरीत काहीच व्हायचं नाही, आणि आम्ही म्हणायचो, आपण आलो की हा शहाण्यासारखा वागतो.

केवलरामच्या घरात देवांचा एक कोनाडा आहे. अनुसयाबाईने समोर पाट मांडून दिला. एका हाताने, दुसरा खांदा अजून वर होत नव्हता. बाहेर उजाडत होतं, मोहफुलं वेचायला निघालेल्या बायकांच्या टोपल्यांचा आवाज येत होता. मी पाच चाळीसला बसले. तळहातावर पाणी घेतलं, संकल्प म्हटला, पाणी ताम्हनात सोडलं. बारा मिनिटांनी उठले आणि पाळीवर गेले.

भूपेंद्र विहिरीकडे पाठ करून बसला होता. झाकण बंद होतं. कुलूपही लावलेलं होतं.

"पाणी वाढलं?"

"वाढलं."

"काही दिसलं?"

"नाही. पाणी हललं पण नाही, मॅडम. सरळ वर आलं. गिलासात बोट घातलं तं येते ना, तसं. पण बोट नाही. मग खाली गेलं. मग त्या पायऱ्या."

"पायऱ्यांचं काय?"

"ओल्या झाल्या. खालची, मग तिच्या वरची, मग तिच्या वरची. एक-एक करून. सगळ्यात वरची ओली झाली, तवा मी झाकण टाकलं."

तो माझ्या पायांकडे पाहत होता. मीही पाहिलं. पाळीची लाल धूळ होती. कोरडी.

परतताना कोहमाऱ्याला चहासाठी थांबलो तेव्हा तो म्हणाला की आईची तब्येत बरी नसते, तिरोड्याकडे बदली मागतो. मी बरं म्हटलं. कडेच्या धानाच्या बांधीत सारसाची जोडी उभी होती. पाच वर्षांत पहिल्यांदा त्याने तिचा फोटो काढला नाही.

घरी आल्यावर मी एक हिशोब केला. तो मी पाच वर्षांपूर्वीच करायला हवा होता, पण कोणी असा विचार करत नाही. तीन फुटी विहीर. त्यात काही बुडालं तर पाणी किती चढेल, हे सातवीचं गणित आहे. पहिल्या वर्षीच्या उसळ्या अठ्ठ्याण्णव मिलिमीटरच्या होत्या. म्हणजे चौसष्ट लिटर पाणी बाजूला सरलं. माणसाचं अंग जवळजवळ पाण्याइतकंच भरतं. चौसष्ट किलो.

तिसऱ्या वर्षी सत्त्याऐंशी. सत्तावन्न किलो.

या आठवड्यात शहात्तर.

हेमेंद्र मला दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे ओढून नेतात, भात सोडल्यापासून वाळत चाललीस म्हणून. ती चिठ्ठ्यांची फाइल कपाटात आहे. काम सुरू झालं तेव्हा माझं वजन चौसष्ट होतं. मधे सत्तावन्न. या महिन्यात पन्नास.

शहात्तर मिलिमीटरचे पन्नासच होतात. मी तीनदा करून पाहिलं.

भीती वाटली, पण सगळ्यात आधी आला तो संताप. पाच वर्षं. किती सेन्सर, किती खेपा, किती पोळ्या. काम तडीस जावं म्हणून त्या विहिरीच्या पाण्यावर जो नेम धरला, तोच मला रोजच्या संकल्पाबरोबर तिथे नेऊन कामाला आडवा पडला होता. काम झाल्याशिवाय नेम सुटायचा नाही, आणि नेम सुटल्याशिवाय काम व्हायचं नाही. देवापुढे बसून मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला म्हटलं, ही काय थट्टा लावली आहे?

मी ठरवलं, भात खायचा. सोडून द्यायचा नेम.

पण मोडलेल्या नेमाचं भय आमच्या हाडात असतं. मी मोहटोल्याला एकटी गेले आणि अनुसयाबाईला सांगितलं. सगळं नाही. एवढंच, की एक नेम घेतला होता, आता तो उतरवायचा आहे, काम न होताच. तिने कशासाठी म्हणून विचारलं नाही. उन्हात तेंदूपत्त्याचे पुडे उलटत होती.

"नेम मधातच टाकून नाही देत, बाई," ती म्हणाली. "जिथून उचलला तिथंच नेऊन ठेवा लागते."

"आणि ठेवल्यावर?"

"मंग तो तिथं राहते. आपन घरी येतो."

आठ मे. सकाळचे दहा वाजले होते. अनुसयाबाई चुलीवर चिन्नोर शिजत ठेवून माझ्यासोबत पाळीवर आली. केवलरामने कुलूप उघडलं आणि तो लांब जाऊन उभा राहिला. उन्हाळ्याने पाणी खोल गेलं होतं.

मी पायऱ्या उतरले. या वेळी दोन नाही, अकरा.

खाली गारवा होता. विहिरीला शेवाळाचा वास होता, आणि त्यात दुसरा एक, ओळखीचा. उदबत्तीचा. माझ्या साडीचा असेल.

उजव्या तळहातावर पाणी घेतलं. म्हटलं, जे घेतलं होतं ते इथेच ठेवते.

पाणी सोडलं.

सोडलेलं पाणी पडल्याचा आवाज आला नाही.

पाण्यात माझं तोंड दिसत होतं. मी वर पाहिलं, झाकणाच्या गोलातून अनुसयाबाई वाकून पाहत होती. पुन्हा खाली पाहिलं. पाण्यातलं तोंड वर पाहत होतं.

मी चढले. अकरा पायऱ्या. अंग हलकं वाटत होतं, उपवासाचं असेल.

"चला," अनुसयाबाई म्हणाली. "भात निवून राहिला."

भात मी खाल्ला. नुसता, वरणही न घेता. पाच वर्षांनी. चव होती, असं वाटतं.

संध्याकाळी ऑफिसात आलेख उघडला. भूपेंद्रची बदली झालेली, त्याची खुर्ची रिकामी होती. सकाळी दहा वाजून चौदा मिनिटांनी उसळी होती. शहात्तर मिलिमीटर. माझे पाय पाण्याला लागले नव्हते.

मग सात-आठ मिनिटांत पाणी नेहमीसारखं पूर्ववत.

खालची घसरण शोधली. दहा सव्वीस. अकरा. बारा. संध्याकाळपर्यंत.

घसरण नव्हती.

आत काही उतरलं की पाणी चढतं. नळातून जास्तीचं पाणी तलावात निघून जातं आणि पातळी बरोबर होते. उतरलेलं बाहेर आलं तरच ती घसरते. आलंच नाही, तर यंत्राला काही कळत नाही. यंत्राच्या दृष्टीने सगळं ठीक असतं.

भिंतीवरचे काळे चौकोन अजून तसेच होते. मग मोहटोल्याची चाळीस घरं आठवली, आणि तो न उचलता येणारा खांदा.

नऊ मेपासून सात जूनपर्यंत तीस दिवस आलेख सरळ रेघेसारखा होता. मी रोज पाच चाळीसला बसत होते. मधले न बसायचे चार दिवसही आले, गेले. रेघ हलली नाही. कच्चे आकडे साहेबांना पाठवले, आठ मेचा दिवस सोडून. तो त्यांनी मागितला नव्हता.

काम मंजूर झालं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं आणि चिकाटी कशी असावी यावर दोन शब्द बोलायला सांगितले. मी काहीतरी बोलले. मागच्या रांगेतून "काय?" असं कोणी विचारलं नाही. बहुतेक कोणालाच ऐकू आलं नव्हतं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी तीनला मोहटोल्यात भोंगा वाजला. खरं पाणी. चाळीस घरं टेकाडावर चढली, शेळ्यांसकट. पंधरा मिनिटांनी पाणी पाळीवरून आलं, तीन भिंती पडल्या, माणसाला ओरखडा नाही. केवलरामने फोन केला. हसत होता, रडतही होता. अनुसयाबाईने फोन मागून घेतला.

"वाजला, बाई," ती म्हणाली. मग विचारलं, "तुमी जेवता ना भात?"

जेवते, म्हटलं. दोन्ही वेळा. डॉक्टरांच्या काट्यावर अजून पन्नासच आहेत, पण ते म्हणतात की वेळ लागतो.

घरात सगळं सुरळीत आहे. हेमेंद्र खूश आहेत. काल आंघोळीला जाताना न्हाणीच्या उंबऱ्याशी थांबले, पायाने फरशी चाचपली आणि म्हणाले, "बरं झालं बाई, पाच वर्षांचं काम संपलं आणि तुझी सवयही सुटली. दोन महिने झाले, इथे थेंब नाही सांडलेला."

सवय सुटलेली नाही. बादली मी अजूनही काठोकाठच भरते.

ते बाजारात गेल्यावर मी न्हाणीत गेले. बादली भरली होती, पाणी काठाला टेकलेलं. मी बांगड्या मागे सारल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

पाणी काठाशीच राहिलं.